नट बदलला तरी पात्र तेच कसं राहतं? ‘डॉक्टर हू’चे पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची गोष्ट

मालिका बघणाऱ्या घरात हा प्रसंग नवा नाही. सोमवारी सून एक असते. मंगळवारी दुसरीच अभिनेत्री तसंच मंगळसूत्र घालून चहाचा ट्रे घेऊन येते आणि सासू तिला त्याच नावाने हाक मारते. आपण दोन दिवस कुरकुर करतो, तिसऱ्या दिवशी विसरतो. नाटकवाले याला सरळ ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात आणि पुढच्या प्रयोगाला लागतात.

विज्ञानकथेच्या मालिकेत मात्र एवढ्यावर भागत नाही. हा प्रेक्षक वेगळा असतो. तीन वर्षांपूर्वीच्या भागात कोणतं बटण दाबल्यावर दार उघडलं होतं, हे त्याला आठवतं. त्याच्यासमोर अचानक दुसरा माणूस उभा केला, तर तो विचारणारच की हा कोण?

या प्रश्नाचं टीव्हीच्या इतिहासातलं सगळ्यात धाडसी उत्तर ब्रिटनच्या बीबीसीने ऑक्टोबर १९६६ मध्ये दिलं. ‘डॉक्टर हू’ या मालिकेत नायकाचा चेहरा पडद्यावर, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलला आणि हा तोच माणूस आहे, असं सांगितलं गेलं. आज याला ‘रीजनरेशन’ म्हणतात. या युक्तीमुळे मालिका साठ वर्षं ओलांडून गेली. पण ती ज्यांच्यावर पहिल्यांदा वापरली गेली, त्या नटाला ती भूमिका सोडायची नव्हती. त्यांचं नाव विल्यम हार्टनेल.

वडिलांच्या नावाची जागा कोरी

हार्टनेल यांचा जन्म ८ जानेवारी १९०८ चा, लंडनमधल्या सेंट पँक्रस भागातला. आई ल्यूसी अविवाहित होती. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी राहिली आणि ती आयुष्यभर कोरीच राहिली. वडील कोण, हे त्यांना कधीच कळलं नाही. लहानपणी काही काळ ते दुसऱ्या बाईकडे सांभाळायला होते. सुट्टीत डेव्हन परगण्यात आईच्या शेतकरी नातेवाइकांकडे जायचे आणि घोड्यावर बसायला तिथेच शिकले. पुढे मुलाखती देण्याचे दिवस आले, तेव्हा त्यांनी स्वतःची एक वेगळीच कुळकथा सांगायला सुरुवात केली. त्या कथेत डेव्हनचं चांगलं खानदान होतं, सगळं रीतसर होतं. १९०८ मध्ये लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाला इंग्लंडमध्ये काय ऐकावं लागत असेल, हे लक्षात घेतलं की या थापेचा राग येत नाही.

शाळा लवकर सुटली. किरकोळ चोऱ्यामाऱ्यांपर्यंत मजल गेली. मग सोळाव्या वर्षाच्या आसपास मुलांच्या एका बॉक्सिंग क्लबात त्यांची गाठ ह्यू ब्लेकर या चित्रसंग्राहकाशी पडली. (हेच ते ब्लेकर, ज्यांनी ‘आयलवर्थ मोनालिसा’ नावाने गाजलेलं चित्र शोधलं. ते लिओनार्दोचं की नाही, यावर अजून भांडणं चालू आहेत.) ब्लेकर यांनी या पोराला जवळजवळ दत्तकच घेतलं. आधी त्याला घोड्यांच्या शर्यतीतला जॉकी करायचा प्रयत्न झाला. तो फसला. मग ब्लेकर यांनी त्याला इटालिया काँटी या नाट्यशाळेत घातलं.

१९२५ मध्ये हार्टनेल सर फ्रँक बेन्सन यांच्या शेक्सपिअर नाटकं करणाऱ्या फिरत्या कंपनीत लागले. पडेल ते काम करायचं आणि मिळेल ती छोटी भूमिका करायची. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत नटांचं शिक्षण जसं व्हायचं, तसंच हे. गावोगावी फिरा, पेट्या उचला, दुसऱ्यांच्या भूमिका पाठ ठेवा आणि कोणी आजारी पडलं की उभे राहा. १९२९ मध्ये त्यांनी हेदर मॅकिंटायर या अभिनेत्रीशी लग्न केलं. त्यांना एक मुलगी झाली. हा संसार हार्टनेल यांच्या मृत्यूपर्यंत टिकला.

खाकी गणवेशातून सुटका नाही

तीसच्या दशकात ते सिनेमात आले. सुरुवातीला विनोदी भूमिका केल्या. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि हार्टनेल रणगाडा दलात भरती झाले. तिथे त्यांचं मानसिक संतुलन बिघडलं आणि सुमारे दीड वर्षात त्यांना वैद्यकीय कारणावरून घरी पाठवलं गेलं.

पुढचा योगायोग विचित्र आहे. ज्याला सैन्याने परत पाठवलं, त्याला सिनेमाने जन्मभर सैन्यातच ठेवलं. १९४४ च्या कॅरल रीड दिग्दर्शित ‘द वे अहेड’ मध्ये त्यांनी कडक सार्जंट साकारला. तो इतका पटला की निर्मात्यांना त्यांच्यात दुसरं काही दिसेनाच. सार्जंट, पोलीस, गुंड यांच्याच भूमिका येत राहिल्या. ‘ब्रायटन रॉक’ मध्ये ते गुंडाच्या टोळीतला डॅलो झाले. १९५७ मध्ये सुरू झालेल्या ‘द आर्मी गेम’ या टीव्ही मालिकेत सार्जंट मेजर बुलिमोर झाले. १९५८ मध्ये ब्रिटनच्या गाजलेल्या ‘कॅरी ऑन’ विनोदी चित्रपटमालेतला पहिला सिनेमा आला. त्याचं नावच ‘कॅरी ऑन सार्जंट’ आणि त्यातला सार्जंट कोण, ते वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षीच्या ‘द माउस दॅट रोअर्ड’ मध्येही ते सार्जंटच होते.

पन्नाशी उलटली होती. काम मिळत होतं, पैसे मिळत होते, पण रोज तेच ओरडणं. स्वभाव तापट होताच, त्यात पिण्याची सवय. सेटवर ते चिडके म्हणून ओळखले जात. १९६३ च्या ‘धिस स्पोर्टिंग लाइफ’ मध्ये मात्र त्यांना एक वेगळी भूमिका मिळाली. रग्बीसाठी खेळाडू हेरून आणणारा एक थकलेला, एकटा म्हातारा. छोटंसं काम होतं, पण ते बीबीसीतल्या एका तरुण निर्मातीने पाहिलं.

अठ्ठावीसच्या आतली टीम आणि पंचावन्नचा म्हातारा

व्हेरिटी लँबर्ट तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. बीबीसीच्या नाटक विभागाचे कॅनडाहून आलेले प्रमुख सिडनी न्यूमन यांनी त्यांच्या हातात शनिवार संध्याकाळची एक नवी मालिका दिली होती. काळ आणि अवकाशात फिरणारा एक गूढ म्हातारा, त्याची नात, तिचे दोन शिक्षक आणि बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन खोक्यासारखं दिसणारं, आतून प्रचंड मोठं असलेलं यान ‘टार्डिस’, अशी ती कल्पना होती.

पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन तर आणखी लहान, चोवीस वर्षांचे. इथे भारताचा खराखुरा धागा येतो. हुसेन यांचा जन्म १९३८ चा, लखनौमधला. १९४६ मध्ये ते आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेले. त्यांच्या आई म्हणजे ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ ही कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन.

एक तरुण ज्यू बाई आणि एक तरुण भारतीय मुलगा अशा दोघांनी मिळून हार्टनेल यांना जेवायला नेलं आणि भूमिकेसाठी गळ घातली. हे दृश्य वाटतं तितकं साधं नव्हतं. हार्टनेल यांचे विचार जुनाट होते. परदेशी आणि वेगळ्या वंशाच्या लोकांबद्दलचे त्यांचे पूर्वग्रह अनेक सहकाऱ्यांनी नंतर सांगितले आहेत. चाहत्यांच्या लिखाणात ही बाजू बऱ्याचदा झाकली जाते. ती झाकण्याचं कारण नाही. हेही तितकंच खरं की ज्या दोघांनी त्यांना सार्जंटच्या गणवेशातून बाहेर काढलं, ते हेच दोघे होते आणि पुढे हार्टनेल यांचा लँबर्ट यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. मालिकेकडे बघायला कोणाला सवड होती? म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवला. डिसेंबरमध्ये टेरी नेशन यांच्या कथेतून ‘डॅलेक’ नावाचे धातूच्या कवचातले शत्रू आले आणि मुलांनी घराघरांत त्यांच्या यांत्रिक आवाजाची नक्कल सुरू केली. काही आठवड्यांत प्रेक्षकसंख्या कोटीच्या घरात गेली.

हार्टनेल तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. लांब पांढरे केस हा विग होता. त्यांचा डॉक्टर सुरुवातीला चांगलाच तिरसट आहे. पहिल्याच भागात तो दोन शिक्षकांना त्यांच्या मर्जीविरुद्ध यानात घालून घेऊन जातो. पुढच्या महिन्यांत तो हळूहळू आजोबा होत गेला, खट्याळ, थोडा विसराळू, थोडा जादूगार. जन्मभर लोक ज्यांना घाबरले, त्या हार्टनेल यांच्यामागे आता रस्त्यात पोरं धावू लागली. ते डॉक्टरच्या पोशाखात जत्रांची उद्घाटनं करायला जायचे. मुलांना त्यांच्यात विल्यम हार्टनेल दिसतच नसे, डॉक्टरच दिसे. त्यांनाही ते आवडायचं.

बटणांचा हिशेब ठेवणारा नट

मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. टार्डिसच्या मध्यभागी सहा बाजूंचं एक कंट्रोल पॅनेल होतं. त्यावरची बटणं, खटके, दिवे यांतलं खरं काहीच नव्हतं. दुसऱ्या कोणी असतं तर कॅमेरा चालू झाल्यावर समोर येईल ते बटण दाबलं असतं. हार्टनेल यांनी मात्र कोणतं बटण कशासाठी, हे मनाशी पक्कं केलं होतं. दार उघडायचा खटका गेल्या महिन्यात इथे होता, तर आजही इथेच. दिग्दर्शक बदलले की ते नव्या दिग्दर्शकाला अडवायचे. मुलं बघताहेत आणि मुलांच्या लक्षात राहतं, असं त्यांचं म्हणणं असे.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर लेखी डॉक्युमेंटेशन कोणी ठेवत नव्हतं, सगळं हार्टनेल यांच्या डोक्यात होतं. ज्यांनी कुठल्याही टीममध्ये काम केलंय, त्यांना पुढचा धोका लगेच कळेल.

कारण टीम फुटत गेली. नातीचं काम करणाऱ्या कॅरल अॅन फोर्ड १९६४ च्या अखेरीस गेल्या. दोन शिक्षकांचं काम करणारे विल्यम रसेल आणि जॅकलिन हिल १९६५ च्या उन्हाळ्यात गेले. मग लँबर्टही गेल्या. पहिल्या दिवसापासूनच्या मुख्य कलाकारांत हार्टनेल एकटे उरले. नवे निर्माते, नवे लेखक आले. मालिका कशी असावी, याबद्दल त्यांचं आणि हार्टनेल यांचं पटेना. नव्या लोकांना तो म्हातारा कटकट्या वाटायचा, म्हाताऱ्याला वाटायचं की या लोकांना डॉक्टर कोण आहे हेच माहीत नाही.

आणि त्याच वेळी शरीर साथ सोडत होतं. त्यांना धमन्या कठीण होण्याचा आजार जडला होता आणि त्याचा परिणाम मेंदूवर, स्मरणशक्तीवर होत होता. वेळापत्रकही नीट समजून घ्या. दर आठवड्याला पंचवीस मिनिटांचा एक भाग. पहिल्या सत्रातच बेचाळीस भाग झाले. चार-पाच दिवस तालीम आणि मग एका संध्याकाळी जवळजवळ सलग चित्रण. व्हिडिओ टेप कापणं महाग आणि किचकट असल्यामुळे चूक झाली तरी सहसा पुढे जायचं. म्हणून हार्टनेल यांचं अडखळणं, शब्दांची अदलाबदल आजही त्या भागांत दिसते. चाहत्यांनी त्याला लाडाचं नावही दिलंय. त्यातलं काही त्यांनी मुद्दाम केलं, कारण म्हातारा अडखळणारच, असं काहींचं मत आहे. असेलही. पण शेवटच्या वर्षातलं सगळं अडखळणं अभिनय नव्हता.

मग त्यांना बदलायचं कसं?

निर्मात्यांपुढे तीन वाटा होत्या. एक म्हणजे मालिका बंद करायची. पण ती लोकप्रिय होती. दुसरी वाट म्हणजे हार्टनेल यांच्यासारखा दिसणारा कोणी आणायचा आणि काही घडलंच नाही असं वागायचं, म्हणजे आपल्या मंगळवारच्या सुनेचा मार्ग. तिसरी वाट कथेतच बदलाचं कारण द्यायची.

पहिला प्रयत्न १९६६ च्या सुरुवातीला झाला. निर्माते जॉन वाइल्स यांच्या डोक्यात असं होतं की ‘द सेलेस्टियल टॉयमेकर’ या कथेत खलनायक डॉक्टरला अदृश्य करतो आणि परत दृश्य करताना तो वेगळ्याच रूपात येईल. कल्पना हुशार होती, पण वरच्या अधिकाऱ्यांनी ती अडवली. अदृश्य झालेले हार्टनेल त्याच चेहऱ्याने परत आले आणि वाइल्सच बाहेर पडले.

या धामधुमीत हार्टनेल यांनी स्वतःही एक तोडगा सुचवला होता. डॉक्टरला एक दुष्ट मुलगा आहे, दिसायला हुबेहूब बापासारखा आणि दोन्ही भूमिका आपणच करायच्या! हिंदी सिनेमा बघून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना यात काहीच गैर वाटणार नाही. बीबीसीला ते पटलं नाही.

नवे निर्माते इनिस लॉइड यांनी मात्र काम तडीस नेलं. १९६६ च्या उन्हाळ्यात ठरलं की हार्टनेल आणखी एक कथा करतील आणि थांबतील. हा निर्णय किती त्यांचा आणि किती वरचा, याबद्दल दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं गेलं. पण दोन वर्षांनी एका पत्रात त्यांनी आपण ही भूमिका राजीखुशीने सोडली नव्हती, असं कळवलं होतं.

ती शेवटची कथा म्हणजे ‘द टेन्थ प्लॅनेट’. तिच्या लेखकांपैकी किट पेडलर हे वैद्यकशास्त्रातले संशोधक होते. त्यांनी या कथेत ‘सायबरमेन’ आणले. म्हणजे अशी माणसं, ज्यांनी आजारी अवयव बदलत बदलत सगळं शरीरच यंत्राचं केलं आणि शेवटी भावनाही काढून टाकल्या. माणूस किती बदलला तरी तोच राहतो आणि कुठे तो संपतो, हा प्रश्न ज्या कथेत आहे, तिच्याच शेवटी नायकाचं सगळं शरीर बदलतं. हे ठरवून केलं असेल असं वाटत नाही, पण याहून योग्य कथा शोधून सापडली नसती.

तिसऱ्या भागाच्या वेळी हार्टनेल इतके आजारी पडले की त्यांना वगळून संवाद इतरांना वाटून दिले गेले. चौथा भाग ८ ऑक्टोबर १९६६ ला लंडनच्या रिव्हरसाइड स्टुडिओत चित्रित झाला आणि २९ ऑक्टोबरला दाखवला गेला. डॉक्टर यानात परततो, जमिनीवर कोसळतो. त्याचा चेहरा लख्ख पांढऱ्या प्रकाशात विरघळतो आणि तो प्रकाश ओसरतो तेव्हा तिथे पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा असतो.

तांत्रिकदृष्ट्या हे दोन चित्रांचं मिश्रण होतं. कॉम्प्युटर ग्राफिक्सचा तेव्हा पत्ताच नव्हता. व्हिजन मिक्सर शर्ली कावर्ड यांनी मिक्सिंग डेस्कवर चित्र जवळजवळ कोरं होईल इतकं उजळवलं आणि त्या उजेडाआड एक चेहरा काढून दुसरा आणला. डेस्कमधल्या एका दोषाचा त्यांनी त्यासाठी उपयोग करून घेतला, असं सांगितलं जातं. बग वापरून फीचर काढायची ही जुनीच परंपरा म्हणायची.

त्या काळी टेप पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग आज बीबीसीकडे नाहीत आणि हा चौथा भागही त्यांपैकीच एक. चेहरा बदलण्याचे ते काही सेकंद मात्र वाचले, कारण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला गेला होता.

प्रेक्षकांनी नव्या माणसाला डॉक्टर कसं मानलं?

खरी परीक्षा पुढच्या शनिवारी, ५ नोव्हेंबरला होती. सेहेचाळीस वर्षांच्या ट्राउटन यांनी हार्टनेल यांची नक्कल करायला नकार दिला होता. त्यांचा डॉक्टर ढगळ कपड्यांतला, बासरीसारखं वाद्य वाजवणारा, विदूषकी दिसणारा. म्हणजे आवाज, चाल, वय, स्वभाव काहीच जुळत नव्हतं. मग तोच माणूस असल्याची खात्री कशी पटवायची?

‘द पॉवर ऑफ द डॅलेक्स’ ही कथा याचं उत्तर फार शहाणपणाने देते. ती प्रेक्षकांवर सक्ती करत नाही. डॉक्टरबरोबरच्या पॉली आणि बेन या दोन सहप्रवाशांपैकी पॉलीला वाटतं हाच डॉक्टर असावा. बेन संशय घेतो. घरात सोफ्यावर जे भांडण चाललं असेल, तेच पडद्यावर चालू ठेवलं. डॉक्टरची जुनी अंगठी नव्या बोटात बसत नाही, हे बेनच्या बाजूचं. तो आरशात बघतो तेव्हा क्षणभर जुना चेहरा दिसतो, हे पॉलीच्या बाजूचं. नवा माणूस डॉक्टरबद्दल बोलतानाही तो कोणी तिसराच असल्यासारखा बोलतो.

आणि मग निकाल कोण देतो? डॅलेक. डॉक्टरचा सगळ्यात जुना वैरी त्याला बघतो आणि ओळखतो. मित्राची चूक होऊ शकते, पण वैऱ्याची होत नाही. तिथून पुढे वाद संपला.

एक गंमत लक्षात ठेवा. ‘रीजनरेशन’ हा शब्द तेव्हा नव्हताच. ट्राउटन यांच्या कथेत याला नूतनीकरण म्हटलं होतं. डॉक्टर ज्यांच्यातला आहे त्या ‘टाइम लॉर्ड’ लोकांचं नाव १९६९ मध्ये आलं, ‘रीजनरेशन’ हा शब्द १९७४ मध्ये आणि बारा वेळाच असं करता येतं हा नियम १९७६ मध्ये. तो नियम पुढे मालिकेनेच २०१३ मध्ये पळवाट काढून ओलांडला. म्हणजे आधी आजारी नटाची गरज, मग युक्ती, मग तिचं नाव आणि सगळ्यात शेवटी तिचं शास्त्र.

हार्टनेल यांचं पुढे काय झालं?

भूमिका गेली, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. लगेच नाताळच्या मोसमातल्या एका फिरत्या बालनाट्यात काम केलं. नंतर टीव्हीवर तुरळक भूमिका केल्या. पण स्मरणशक्ती घसरत होती आणि कामं आटत गेली. शनिवारी संध्याकाळी डॉक्टर टीव्हीवर असायचाच, आधी ट्राउटन आणि १९७० पासून जॉन पर्टवी.

मालिकेच्या दहाव्या वर्षासाठी बीबीसीने ‘द थ्री डॉक्टर्स’ ही कथा ठरवली, तिन्ही डॉक्टर एकत्र. हार्टनेल यांना विचारलं, तेव्हा ते आनंदाने हो म्हणाले. त्यांच्या पत्नी हेदर यांना हे कळलं आणि त्यांनी निर्माते बॅरी लेट्स यांना खरी परिस्थिती सांगितली. त्यांना संवाद पाठ होणार नाहीत, फिरणं-उभं राहणं झेपणार नाही.

इथे लेट्स यांना दुसरा नट घेता आला असता किंवा पहिल्या डॉक्टरला वगळता आलं असतं. त्यांनी कथाच बदलली. पहिला डॉक्टर काळाच्या एका भोवऱ्यात अडकलाय आणि टार्डिसच्या पडद्यावरूनच बाकी दोघांशी बोलतोय, असं लिहिलं. हार्टनेल एका जागी बसून होते, कॅमेऱ्याशेजारी धरलेल्या पाट्यांवरून वाचत होते. हे सगळं आधीच वेगळं चित्रित केलं गेलं. ३० डिसेंबर १९७२ पासून ती कथा दाखवली गेली. त्यात पहिला डॉक्टर दुसऱ्या आणि तिसऱ्याला चांगलं झापतो आणि ते दोघे मुकाट्याने ऐकतात. चेहरा थकलेला आहे, पण नजर तीच. ते त्यांचं शेवटचं काम ठरलं.

नंतर मेंदूचे झटके येत गेले. डिसेंबर १९७४ पासून ते रुग्णालयात होते. २३ एप्रिल १९७५ ला केंट परगण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय सदुसष्ट. त्यांची नात जेसिका कार्नी यांनी १९९६ मध्ये त्यांचं चरित्र लिहिलं. वडिलांच्या कोऱ्या रकान्याची आणि बनावट कुळकथेची हकिगत तिथेच मोकळेपणाने आली.

हार्टनेल यांची भूमिका दुसऱ्यांनी केली?

हो, आणि या गोष्टीतला सगळ्यात नाजूक भाग हाच आहे. रीजनरेशनने पुढच्या डॉक्टरची सोय केली, मागच्याची नाही. दुसरा, तिसरा, चौथा चेहरा वेगळा असू शकतो. पण कथेला पहिलाच डॉक्टर हवा असेल आणि तो नट हयात नसेल तर?

१९८३ मध्ये विसाव्या वर्षाला ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ करताना हा प्रश्न आला. उत्तर शेवटी तेच जुनं निघालं, मंगळवारची सून. रिचर्ड हर्न्डल या नटाने पांढरा विग लावून पहिला डॉक्टर केला, कथेत काहीही खुलासा न देता. मात्र कार्यक्रमाची सुरुवात खुद्द हार्टनेल यांच्या १९६४ च्या एका तुकड्याने केली. नातीला निरोप देतानाचा तो प्रसंग आहे. आधी मूळ माणूस दाखवायचा आणि मग त्याच्या जागी आलेला, हा मान राखण्याचा चांगला मार्ग होता. हर्न्डल नक्कल करत नाहीत. ते हार्टनेल यांच्यापेक्षा अधिक कोरडे आणि धारदार वाटतात. मला ते पटतात, अनेक चाहत्यांना पटत नाहीत.

२०१३ मध्ये बीबीसीने मालिकेच्या जन्मावर ‘अॅन अॅडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम’ हा चित्रपट केला. मार्क गॅटिस यांनी तो लिहिला. त्यात डेव्हिड ब्रॅडली हार्टनेल झाले. ‘हॅरी पॉटर’ मधला मांजर घेऊन फिरणारा तो चिडका फिल्च आठवतोय? तेच ते. वारिस हुसेन यांची भूमिका भारतीय वंशाचे साशा धवन यांनी केली. आणि मग २०१७ च्या नाताळात मूळ मालिकेतच पहिला डॉक्टर परत आणायचा ठरला, तेव्हा पुन्हा ब्रॅडली यांनाच बोलावलं. आधी ते डॉक्टर करणाऱ्या नटाची भूमिका करत होते, आता थेट डॉक्टरची. त्या भागात १९६६ च्या ‘द टेन्थ प्लॅनेट’ मधल्या हार्टनेल यांच्या जुन्या कृष्णधवल चित्रातून चेहरा हळूहळू ब्रॅडली यांचा होतो. साशा धवन २०२० मध्ये डॉक्टरचा कट्टर शत्रू ‘मास्टर’ झाले. ही भूमिकाही पहिले नट रॉजर डेलगाडो १९७३ मध्ये अपघातात गेल्यापासून हातोहात फिरते आहे.

ब्रॅडली यांचा तो २०१७ चा भाग बघायचा असेल तर आधी ‘द थ्री डॉक्टर्स’ बघा. पडद्याच्या चौकटीत बसलेले हार्टनेल बोलताना मधूनच किंचित बाजूला बघतात. तिथे पाटी आहे.